कार्ड मशीन घेताय? सही करण्याआधी या चुका टाळा

गेल्या आठवड्यात शेजारच्या साडीच्या दुकानातल्या काकू एक फॉर्म घेऊन आल्या. "अरे, मशीन फुकट देतायत, भाडंसुद्धा नाही. करू का सही?" गिरगावात माझं चष्म्याचं दुकान आहे आणि आजवर तीन मशीन बदलून झालीत. म्हटलं, "काकू, सही उद्या करा. आधी गेल्या महिन्याची बिलं काढा."

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. भाडं बघतो, पण क्रेडिट कार्डाचा दर वाचत नाही. कार्डाने पैसे आले की त्यातून एमडीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहारामागे दुकानदाराला पडणारं टक्केवारीचं शुल्क, कापला जातो. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून तो शून्य आहे. बाकीच्या डेबिट कार्डांना रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे: मागच्या आर्थिक वर्षात उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त ०.४० टक्के, आणि तोही एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर नाही. मोठ्या दुकानांना ०.९० टक्के, वरची हद्द १,००० रुपये. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादाच नाही. फॉर्मवर जो आकडा पडला तो तुमच्या माथी. घासाघीस करायची ती तिथेच.

काकूंच्या बिलांवरच हिशेब मांडला. महिन्याला साधारण एक लाख रुपये क्रेडिट कार्डाने येतात. फुकटच्या मशीनवर दर अडीच टक्के, म्हणजे २,५०० रुपये गेले. दुसऱ्या मशीनला भाडं ४०० रुपये, पण दर १.८ टक्के, म्हणजे सगळे मिळून २,२०० रुपये. हेच जर क्रेडिट कार्डाने ३० हजारच आले असते, तर फुकटचं मशीन ७५० रुपयांत पडलं असतं आणि भाड्याचं ९४० रुपयांत. या दोन दरांत सत्तावन्न हजारांच्या आसपास पारडं फिरतं. तुमचा आकडा तुमच्या बिलांतूनच निघेल. वर १८ टक्के जीएसटी असतो, तो भाड्यावरही लागतो. कार्डाचा व्यवहार २,००० रुपयांपर्यंतचा असेल तर त्याच्या एमडीआरवर मात्र जीएसटी नाही. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर ही रक्कम सरळ खर्चात जाते.

आणि खरं सांगायचं तर प्रत्येक दुकानाला मशीन लागतच नाही. बिलं शंभर-दोनशेची असतील, वडापाव, भाजी, स्टेशनरी, तर क्यूआर कोड पुरतो. एक लक्षात ठेवा, गिऱ्हाईक रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून पैसे देत असेल, तर २,००० रुपयांच्या वरच्या बिलावर छोट्या दुकानदारालाही एमडीआर लागतो. "यूपीआय असून पैसे कमी का आले?" याचं उत्तर बऱ्याचदा तिथे असतं.

दुसरी चूक नेटवर्कची. जुन्या चाळींचे तळमजले आणि पोटमाळे, तिथे सिम कधी चालेल आणि कधी नाही याचा भरवसा नाही. मशीन दाखवायला आलेल्या माणसाला संध्याकाळी सात वाजता, गर्दीच्या वेळी बोलवा आणि तुमच्या गल्ल्यावरच चालवून दाखवायला सांगा. सिम कोणत्या कंपनीचं, वाय-फाय जोडता येतं का, बॅटरी किती वेळ टिकते, हे तेव्हाच कळतं. पावसाळ्यात वीज गेली की बॅटरीचं मोल समजतं.

मशीन बसलं की पहिलं बिल स्वतःच्या कार्डाने दहा रुपयांचं करा. पैसे कोणत्या खात्यात, कधी जमा होतात ते बघा. स्लिपवर नाव काय छापून येतं तेही बघा. माझ्या स्लिपवर दुकानाचं नाव नव्हतं, माझं आडनाव होतं. एका गिऱ्हाईकाला स्टेटमेंटवरचं नाव ओळखू आलं नाही, त्यांनी तक्रार केली आणि साडेचार हजार अडकले. सही केलेलं बिल जपून ठेवलं होतं म्हणून सुटले. थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, त्यामुळे मोठ्या बिलाच्या स्लिपचा फोटो काढून ठेवतो.

गिऱ्हाईकाच्या खात्यातून पैसे गेले, पण मशीनमधून स्लिप आली नाही, असं झालं की लगेच दुसऱ्यांदा कार्ड लावू नका. आधी मशीनमध्ये शेवटचा व्यवहार उघडून बघा. तो झालेलाच नसेल तर पैसे गिऱ्हाईकाच्या बँकेने व्यवहारानंतर पाच दिवसांत परत करायचे असतात, त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. गिऱ्हाईकाला हे शांतपणे सांगा, निम्मं भांडण तिथेच मिटतं.

"कार्ड असेल तर वरचे दोन टक्के लागतील" हे मी पूर्वी म्हणायचो. हे बंद करा. एमडीआर गिऱ्हाईकावर टाकायला परवानगी नाही, आणि मशीनही जाऊ शकतं. शिवाय कार्डावाला माणूस साधारण मोठं बिल करतो, त्यालाच आपण नाराज करतो.

मशीन बंद करताना मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. फोनवर सांगितलं, मशीन नेणाऱ्याला मशीन दिलं, पावती घेतली नाही. पुढे पाच महिने खात्यातून भाडं कापलं जात राहिलं. आता बंद करण्याचा अर्ज ईमेलने करतो, मशीनवरचा टीआयडी, म्हणजे त्या मशीनचा ओळख क्रमांक, त्यात लिहितो, मशीन परत दिल्याची सही-शिक्क्याची पोच घेतो आणि भाड्यासाठी दिलेला ऑटो डेबिट रद्द झाला का हे बँकेत विचारतो. बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला फी लागत नाही.