कोल्हापुरात बसून अम्मानची डर्बी कशी फॉलो करायची

वर्ल्डकपचा ड्रॉ झाला आणि अर्जेंटिनाच्या गटात अल्जेरिया, ऑस्ट्रिया आणि जॉर्डन आलं, तेव्हापासनं आमच्या पेठेतल्या पोरांचा एकच प्रश्न, दादा हे जॉर्डन कोण? चौकात अर्जेंटिनाचा झेंडा लावणारी पोरं ही, समोर कोण हाय ते त्यांना माहीत पाहिजेच. मी खेळाडूंची यादी सांगत बसलो न्हाई. मूसा अल तामरी फ्रान्समध्ये खेळतोय, अली ओलवाननं ५ जून २०२५ ला मस्कतमध्ये ओमानला हॅटट्रिक मारली आणि त्याच दिवशी जॉर्डनचं पहिल्यावहिल्या वर्ल्डकपचं तिकीट पक्कं झालं, हे सगळं फोनवर दोन मिनिटात सापडतंय. मी म्हटलं, तो देश कळायला पाहिजे असेल तर त्यांचा क्लब धरा, आणि क्लब धरायचा तर त्याची डर्बी धरा, म्हणजे एकाच गावातल्या दोन कट्टर क्लबांची मॅच. ते कसं करायचं हे तुकड्यातुकड्यात सांगत होतो, आता एकदाच नीट लिहितो.

पहिलं काम, टेबल उघडू नका. आपल्या शाहू स्टेडियमवर नवीन माणूस शेजारी येऊन बसला तर आपण काय विचारतो? गेल्या सीझनला किती पॉइंट हे न्हाई विचारत, कुठल्या पेठेचा, कुठल्या तालमीचा हे विचारतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, नाव सांगितलं की घर कुठं, दोस्त कोण, ईर्षा कुणाशी, सगळं कळलं. जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानमध्ये पण हाच प्रश्न विचारायचा, क्लब कुठं जन्माला आला आणि तिथं तेव्हा कोण राहत होतं. एवढं धरून ठेवलं की पुढचं सगळं आपोआप जागेवर बसत जातंय.

आता दोन नावं पाठ करा, अल फैसली आणि अल वहदात. "अल" म्हणजे नुसतं जोडून येणारं अक्षर, त्याच्याकडं लक्ष देऊ नका. फैसली हे नाव फैसल राजावरनं, आणि फैसल हा शब्द आपल्या "फैसला"च्याच घरातला, एक घाव दोन तुकडे करणारा. वहदात म्हणजे युनिट, म्हणजे घरांची युनिटं, छावणीतल्या खोल्या. आणि आपण ज्याला तालीम म्हणतो तो शब्दसुद्धा अरबीच, तिकडं तालीम म्हणजे शिक्षण. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा लई बरं वाटलं होतं, शब्द तिकडनं निघून पेठेच्या कोपऱ्यावर आला, लाल मातीत लोळला आणि मग त्याच नावानं फुटबॉलची टीम उतरली.

सर्च करताना मात्र हमखास फसणार, म्हणून आधीच सांगतो. फैसली नावाचा एक क्लब सौदीत पण हाय. वहदात टाकलं की मक्केचा अल वेहदा येतोय, अबू धाबीचा अल वहदा येतोय. मी सुरुवातीला आठवडाभर सौदीच्या फैसलीचे हायलाइट्स बघत बसलो होतो आणि आमच्यातल्या एकाला छातीठोकपणे चुकीची माहिती पण दिली होती. त्यामुळं नावापुढं अम्मान किंवा जॉर्डन लिहायचंच. त्याच्याहून चांगला उपाय म्हणजे क्लबचं अरबी नाव एकदा कॉपी करून फोनमध्ये नोटमध्ये ठेवायचं आणि तेच पेस्ट करून शोधायचं, इंग्रजी स्पेलिंग प्रत्येकजण वेगळं लिहितोय, वहदात, विहदात, वेहदात, अरबीत एकच. फैसलीचं मात्र अरबी नाव पण सौदीवाल्यासारखंच, तिथं जॉर्डन जोडायचंच.

फैसली १९३२ चा. जॉर्डन स्वतंत्र झालं १९४६ ला, म्हणजे हा क्लब देशाच्या स्वातंत्र्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. रंग आकाशी निळा, चाहते त्यांना निळे गरुड म्हणतात. १९४४ ला तिथली लीग सुरू झाली ती पहिली यांनीच जिंकली आणि २०२२ ची धरून ३५ टायटल झाली. जॉर्डन नदीच्या पूर्वेकडच्या मूळच्या जॉर्डनी घराण्यांचा, टोळ्यांचा हा क्लब मानला जातोय, अध्यक्षपद पण लई वर्षं अदवान घराण्याकडं होतं, आणि अदवान म्हणजे तिथलं जुनं, मानाचं नाव.

वहदातकडं जरा निवांत बघा, कारण सगळी गोष्ट तिथं हाय. १९४८ ला पॅलेस्टाईनमधनं लाखो माणसं घरदार सोडून बाहेर पडली, त्यातली कितीतरी जॉर्डनमध्ये आली. अम्मानच्या दक्षिणेला १९५५ ला त्यांच्यासाठी छावणी उभी राहिली, तीच वहदात. दुसऱ्याच वर्षी, १९५६ ला, त्या छावणीतल्या युवक केंद्रातनं क्लब निघाला. विचार करा, माणसाकडं गाव न्हाई, शेत न्हाई, परत कधी जायला मिळणार माहीत न्हाई, आणि वर्षभरात त्यांनी काय उभं केलं तर पोरांसाठी खेळायची जागा. पुढं १९६७ च्या युद्धानंतर अजून माणसं आली, छावणी दाटली, तंबूच्या जागी पक्की घरं झाली, गल्ल्या झाल्या, बाजार झाला, आज ते अम्मानमधलं एक गजबजलेलं ठिकाण हाय. जर्सी हिरवी, टोपणनाव हिरवा मारिद, मारिद म्हणजे गोष्टीतला तो अवाढव्य जिन. पहिली लीग १९८० ला आणि २०२० पर्यंत १७.

इथं एक वर्ष वहीत लिहून ठेवायचं, १९७०. त्या सप्टेंबरात जॉर्डनचं सैन्य आणि पॅलेस्टिनी लढवय्ये यांच्यात अम्मानमध्येच लढाई झाली, छावण्यांवर तोफा चालल्या. त्या घरातली पोरं दहा वर्षांनी लीग जिंकत होती. हे माहीत नसताना डर्बी बघितली तर नुसता आरडाओरडा दिसतोय, माहीत असलं की स्टँडमधला एकेक माणूस दिसायला लागतोय. १९८० चं दशक संपत आलं तेव्हा तर काही वर्षं क्लबचं नावच बदललं होतं, वहदात काढून दिफ्फतैन, म्हणजे दोन काठ, जॉर्डन नदीचे. त्याच काळात, १९८८ ला, जॉर्डनचे राजे हुसेन यांनी पश्चिम काठावरचा, म्हणजे नदीपलीकडच्या पॅलेस्टिनी भागावरचा, हक्क सोडला. पुढं वहदात हे नाव परत आलं. क्लबचं नाव बदलणं म्हणजे काय हे मी तुम्हाला समजावून सांगायची गरज न्हाई, उद्या कोण तुमच्या तालमीच्या दारावरचा फलक उतरवायला आला तर पेठेत काय होईल तेवढं डोळ्यासमोर आणा.

घोषणांचं काय करायचं? ऐका, पण पाठ करू नका आणि पुढं पाठवू तर अजिबात नका. अरबी येत नसलं तरी ताल गोड असतोय, मोबाईलची रिंगटोन करावीशी वाटते, पण त्यात काय म्हटलंय ते आधी बघा. जुलै २००९ ला झर्का शहरात ही मॅच अर्ध्यात सोडावी लागली, कारण फैसलीच्या स्टँडमधनं पॅलेस्टिनी लोकांविरुद्ध घोषणा सुरू झाल्या आणि त्या थेट राणी रानिया यांच्यापर्यंत गेल्या, कारण त्यांचे आईवडील पॅलेस्टिनी. वहदातच्या चाहत्यांनी पण कधी वाईट काही म्हटलं न्हाई असं न्हाई. तिथं एका ओळीत माणसाचं मूळ, त्याची बायको, त्याचा कागद, सगळं येतंय, म्हणून म्हणतोय जपून.

१० डिसेंबर २०१० बद्दल वाचाच. अम्मानच्या कुवैस्मे भागातलं किंग अब्दुल्ला दुसरे स्टेडियम, हीच डर्बी, वहदात एक शून्यनं जिंकलं, मॅच संपल्यावर दगडफेक, पळापळ, आणि वहदातच्या बाजूचं लोखंडी कुंपण माणसांच्या भारानं कोसळलं. अडीचशेच्या आसपास जखमी. सुरुवात कुणी केली यावर त्यावेळी दोन्हीकडनं वेगवेगळं सांगितलं गेलं. मी त्याचे फोटो बघितले तेव्हा मला सहावीत असताना एका टुर्नामेंटला झालेला प्रकार आठवला, मॅच सुटल्यावर एकाच अरुंद गेटातनं सगळी गर्दी निघाली, मी जाळीला दाबलो गेलो, जाळीचे चौकोन दंडावर उमटले होते आणि काकांनी मला शर्टाच्या कॉलरला धरून वर ओढून घेतलं. श्वास घ्यायचा बंद झालेला. अर्धा मिनिट असेल. त्यामुळं हुल्लडबाजी म्हणजे मर्दानगी असं जो म्हणतोय त्याच्याशी मी वाद घालतो, आणि पोरांना पण सांगतो की डर्बीचे व्हिडिओ दाखवताना हा दिवस वगळायचा न्हाई, मारामारीची क्लिप म्हणून शेअर पण करायचा न्हाई.

आणि आपली ईर्षा त्यांच्या ईर्षेसारखीच असं पण म्हणू नका. पेठेपेठेत कितीही जुंपली तरी संध्याकाळी आपण सगळे आपापल्या घरी जातो, आणि ते घर आपलं असतंय. बरोबरी इथपर्यंतच लावायची.

मैदानातल्या गोष्टी पण लई हायत, त्या बघायला सगळ्यात सोप्या. फैसलीची एएफसी कपची वर्षं काढा. तो कप तेव्हा आशियातल्या क्लबांचा दुसऱ्या नंबरचा होता, पहिल्याचा न्हाई, पण म्हणून किंमत कमी होत न्हाई. २००५ ला त्यांनी लेबनॉनच्या नेजमेहला हरवून तो जिंकला, २००६ ला बहरीनच्या मुहर्रकला. ती २००६ ची फायनल बघाच, दोन मॅचची, म्हणजे दोन लेगची, गोल दोन्हीचे मिळून मोजायचे, पहिल्या लेगला ३-० नं पुढं, माणूस निर्धास्त, आणि दुसऱ्या लेगला ४-२ नं हार, एका गोलनं वाचले, एकूण ५-४. २००७ ला परत फायनल, पण समोर घरचाच क्लब शबाब अल ओर्दन, आणि फैसली हरले. २०१७ ला अरब क्लब चॅम्पियनशिपला इजिप्तमध्ये जाऊन अल अहलीला दोनदा हरवलं, फायनलला ट्युनिशियाच्या एस्पेरान्सकडनं एक्स्ट्रा टाइमला ३-२ नं गेले, आणि शेवटी त्यांच्या खेळाडूंनी रेफरीवर हात टाकला. एवढी सुंदर वाटचाल आणि लोकांच्या लक्षात राहिला तो शेवटचा प्रकार, मला आजपण वाईट वाटतंय. वहदातच्या बाजूनं राफत अली आणि महमूद शेलबाया ही दोन नावं शोधा, राफतचा डावा पाय बघत तास जातोय.

भारताचा धागा पण हाय. १७ नोव्हेंबर २०१८, अम्मानमध्ये जॉर्डन आणि भारत फ्रेंडली, जॉर्डनचा गोलकीपर आमेर शफी, वहदातकडनं लई वर्षं खेळलेला माणूस, यानं स्वतःच्या बॉक्समधनं लांब किक मारली, चेंडू एक टप्पा पडून भारताचा गोलकीपर गुरप्रीतच्या डोक्यावरनं थेट जाळ्यात. आपल्याकडनं निशू कुमारनं एक परत केला, मॅच २-१ नं गेली. त्या जॉर्डनच्या टीममध्ये दोन्ही बाजूंची पोरं एका जर्सीत असतात, हे बघून घ्या, कारण २०२४ ला एशियन कपच्या सेमीफायनलला कोरियाला २-० नं हरवलं तेव्हा पण असंच होतं.

फक्त दोघांवर थांबू नका. उत्तरेला इर्बिदचा अल हुसेन आणि सीरियाच्या सीमेलगतचा रमथा, यांची वेगळीच ईर्षा. रमथानं १९८१, १९८२ ला लीग जिंकली आणि मग थेट २०२१ ला, जवळजवळ चाळीस वर्षं थांबलेली माणसं ती. अल हुसेननं तर पहिली लीग २०२३-२४ ला जिंकली आणि पुढच्या वर्षी लगेच दुसरी, म्हणजे अम्मानच्या दोन्ही मोठ्यांना बाजूला सारून.

आता रोजचं. आपलं घड्याळ त्यांच्या अडीच तास पुढं. तिथं संध्याकाळी सातची मॅच म्हणजे इथं साडेनऊ. त्यांची सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्यामुळं मोठ्या मॅचेस आठवड्याच्या त्या टोकाला बघायच्या, रविवारी वाट बघत बसू नका. शब्द थोडेच लागतात, दौरी म्हणजे लीग, कास म्हणजे कप, हदफ म्हणजे गोल, हकम म्हणजे रेफरी, तो पण आपल्या हुकूमाचाच भाऊ. माझं बहुतेक बघणं यूट्यूबवर, लाइव्ह सापडलं तर नशीब, न्हाईतर पूर्ण मॅच दुसऱ्या दिवशी.

कुणाच्या बाजूनं बघायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी वहदातचा, छावणीतल्या त्या युवक केंद्रासाठी. शेजारचा माझा दोस्त फैसलीचा झाला, म्हणतोय जुना क्लब तो जुना क्लब, आणि त्याचं पण बरोबर हाय. डर्बीच्या रात्री आम्ही दोघं त्याच्या गच्चीवर एकाच फोनवर बघतो, नेट त्याचं, चहा माझ्याकडनं, आणि पहिली दहा मिनिटं चेंडूकडं न बघता कॅमेरा स्टँडकडं कधी वळतोय त्याची वाट बघतो. तुम्ही पण पहिल्यांदा बघाल तेव्हा तेवढं करा, आवाज चालू ठेवून.