ओसेल्टामिविर मिळेनासे झाले तर

पावसाळ्यात फ्लूची साथ आली की कोकणातल्या लहान गावांतील औषध दुकानांत ओसेल्टामिविर हे फ्लूवरचे विषाणूरोधक औषध संपू शकते. आणि लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास या औषधाचा सर्वाधिक उपयोग होत असल्याने शोधाशोधीत दिवस घालवणे परवडत नाही. दुकानात ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव व मात्रा सांगावी, कारण तेच औषध निरनिराळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. तिथे नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि रत्नागिरी किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात आधी फोन करून साठ्याची खात्री करावी, मगच निघावे. घाटात दरड कोसळलेली असताना कोल्हापूरहून औषध येईल या भरवशावर तर मुळीच राहू नये.

प्रौढांना साधारणतः ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, ५ दिवस दिली जाते. शेजारधर्म कितीही प्रिय असला तरी दहा कॅप्सूलचे एक पाकीट दोघांत वाटल्यास उपचार दोघांचाही अपुरा राहतो. मुलांचे सिरप नसल्यास कॅप्सूलमधील भुकटी गोड पातळ पदार्थात मिसळून देता येते, मात्र वजनानुसार मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

धडधाकट माणसाला बहुधा विश्रांती, पेज आणि पॅरासिटामॉल पुरते. गर्भवती, वृद्ध आणि दमेकऱ्यांनी मात्र थांबू नये, आणि धाप लागल्यास कोणीही थेट रुग्णालय गाठावे.