परदेशातून ऑर्किड आणायचंय? आधी मुळं उघडी करा

कागदपत्रांचं आधी उरकू, कारण लोक उगाच त्यालाच घाबरतात. प्रवासाला निघण्यापूर्वी आपल्या देशाच्या वनस्पती क्वारंटाइन विभागाकडून आयात परवाना घ्या आणि रोपं कोणत्या विमानतळावरून आत आणता येतील तेही तिथेच विचारा. जिथून रोप घ्याल त्या देशातल्या सरकारी विभागाचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोपाला कीड-रोग नसल्याचा दाखला, लागतो. विक्रेत्याचं शिक्का मारलेलं पत्र म्हणजे फायटो नव्हे. तिसरा कागद साइटीसचा, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा. 1973 च्या या करारात झाडून सगळी ऑर्किड्स येतात. बहुतेक दुसऱ्या परिशिष्टात आहेत, पण पॅफिओपेडिलम आणि फ्रॅग्मिपेडियम हे ऑर्किडचे दोन गट पहिल्यात, म्हणजे सगळ्यात कडक यादीत. नवख्यानं या दोघांच्या नादी लागू नये. जंगलातून उपटलेलं रोप तर कोणीच घेऊ नये. फ्लास्कमधल्या, म्हणजे निर्जंतुक बंद बाटलीत वाढवलेल्या, बाळरोपांना साइटीसचा परवाना बहुतेक वेळा लागत नाही, फायटो मात्र लागेल असंच धरून चाला. रोपाच्या चिठ्ठीवरचं शास्त्रीय नाव आणि कागदावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. झाले कागद.

रोप अडकतं ते मुळांपाशी. माती किंवा कुंडीतलं मिश्रण चिकटलेलं रोप बहुतेक देश आत घेत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून लोक निघायच्या आदल्या रात्री हॉटेलच्या बेसिनमध्ये मुळं खळखळून धुतात आणि ओलंच रोप पिशवीत कोंबतात. हे चूक आहे, दोन्ही अर्थांनी. एक तर फायटोसाठी तपासणी होते तेव्हाच रोप उघडं आणि स्वच्छ असावं लागतं. दुसरं, ओलं रोप बंद पिशवीत कुजतं. सफाई तपासणीच्या निदान दोन दिवस आधी करा.

कोरड्या मुळांना हात लावू नका, ती काडीसारखी मोडतात. अर्धा तास साध्या पाण्यात बुडवून ठेवा. रुपेरी मुळं हिरवी झाली, जरा लवचीक झाली, की चिमट्यानं कुंडीतलं मॉस (वाळवलेलं शेवाळ) काढायला घ्या. कुंडीतल्या मिश्रणातला झाडाच्या सालीचा तुकडा मुळाला घट्ट धरून बसला असेल तर ओढाताण करू नका. तेवढं मूळ सालीसकट कापून टाका. जीव कळवळतो, कळतं मला. पण त्या एका मुळापायी अख्खं रोप गमावण्यात काय अर्थ आहे? दाबल्यावर पोकळ लागणारी मुळंही कापा.

आता जिथे मी स्वतः तोंडावर पडले ती जागा. एकदा एक कॅटलिया जातीचं ऑर्किड आणलं होतं. मुळं आरशासारखी लख्ख, कागद चोख. तपासनिसानं फुगीर खोडावरचं वाळकं, कागदासारखं आवरण नखानं सोललं आणि खाली पांढुरक्या खपल्यांची रांग दिसली. खवले कीड. मी मुळं तासभर घासली होती, आवरणाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. रोप तिथेच राहिलं. कीड सापडली की रोप परत पाठवतात, नष्ट करतात किंवा धुरी देतात, आणि मिथाइल ब्रोमाइडची धुरी खाल्लेलं ऑर्किड जगलं तरी रडत जगतं.

तेव्हापासून प्रत्येक वाळकं आवरण मी उभं चिरून बाजूला सोलते. खालून वर ओढायचं नाही, बुडाशी नवा डोळा असतो, तो तुटतो. मग मऊ टूथब्रश, साबणाचं पाणी, आणि पानांच्या बेचक्यात स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा. पिठ्या ढेकूण तिथेच दडतो. पानाची मागची बाजू, मधल्या शिरेलगत, भिंगातून बघा. "औषध मारा की झालं" असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका: औषधानं खवले कीड मरते, पण खपली तिथेच चिकटून राहते, आणि टेबलापलीकडच्या माणसाला मेलेली काय नि जिवंत काय, दोन्ही सारखीच दिसतात. "नर्सरीवालाच धुऊन देतो" हेही तसंच. तो बादलीत बुचकळून देतो.

मग रोप सावलीत उलटं टांगून दिवसभर वाळवा, फॅलेनॉप्सिस जातीच्या ऑर्किडच्या गाभ्यात तर थेंबही राहता कामा नये.

कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. उतरल्यावर स्वतःहून जाहीर करा.

घरी आल्यावर बाकीच्या झाडांपासून दूर ठेवा, निदान दीड-दोन महिने. दर आठवड्याला भिंग घेऊन बुडाशी बघा. एखादं चुकलेलं अंडं एव्हाना फुटून चालायला लागलेलं असतं. माझ्याकडे त्यासाठी न्हाणीघराची खिडकी राखून ठेवलेली आहे, आणि घरच्यांची कुरकूर मी ऐकून न ऐकल्यासारखी करते.