पक्ष्यांच्या फोटोंसाठी क्रॉप सेन्सर कॅमेरा कसा निवडावा

हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात. नावाडी होडी जवळ नेतो, पण फार जवळ न्यायला त्याला सांगू नये. थवा बिचकून उडाला की त्यांचं चरणं थांबतं. अंतर लेन्सनेच कापायचं, आणि इथे क्रॉप सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा, फुल फ्रेमहून लहान सेन्सर, कामी येतो.

आधी मापं समजून घ्या. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी असतो. निकॉन, सोनी, फुजीफिल्मचे क्रॉप सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिमी, कॅननचे त्याहून थोडे लहान. म्हणून ३०० मिमीची लेन्स पहिल्या तिघांवर ४५० मिमीइतकं, कॅननवर ४८० मिमीइतकं दृश्य दाखवते. लेन्स बदलत नाही. सेन्सर मधलाच भाग टिपतो. मग फुल फ्रेमचा फोटो घरी येऊन कापला तर? कापता येतो, पण २४ मेगापिक्सेलचे साडेदहाच्या आसपास उरतात. क्रॉप बॉडीवर, म्हणजे क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, तेवढ्याच दृश्याला पूर्ण २४ मिळतात. खरा फायदा हा आहे.

आता पैशांची विभागणी करा: बॉडीवर कमी, लेन्सवर जास्त. सुरुवातीला ७०-३०० मिमीची लेन्स पुरते. १५०-६०० घ्यायची असेल, तर आधी एक दिवस भाड्याने आणून होडीत बसा. होडी डुलते, ट्रायपॉडचा उपयोग होत नाही, सगळं वजन हातावर येतं. खांद्याला किती झेपतं ते तेव्हाच कळतं.

माउंट, म्हणजे बॉडीला लेन्स बसवायची जोडणी, एकच असेल तर फुल फ्रेमची लेन्स क्रॉप बॉडीवर चालते. क्रॉपची लेन्स फुल फ्रेमवर लावली, तर कडा काळ्या येतात किंवा कॅमेरा स्वतःच चित्र कापतो. तरी ‘पुढेमागे फुल फ्रेम घेऊ’ म्हणून आजच जड लेन्स घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन.

पाण्यावर गेल्यावर ३०० मिमीला शटर स्पीड किमान १/५०० सेकंद ठेवा, उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास. पहाटे मात्र अडचण येते. क्रॉप सेन्सरचं क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे मंद प्रकाशात फोटोत दाणे लवकर दिसतात. तरीही शटर स्पीड कमी करू नका, आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता, वाढवा. दाणे नंतर संगणकावर बरेच कमी करता येतात, हललेले पंख नाही.