कोकण किनाऱ्याची पाच दिवसांची सायकल टूर: तेरा ते अठरा वयोगटाने तयारी कशी करावी

मांडव्याला बोटीतून उतरायचं आणि अलिबाग, काशिद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले करत दापोली गाठायची. रोज ३५ ते ५० किलोमीटर. शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींच्या पहिल्या टूरसाठी महाराष्ट्रात यापेक्षा चांगला रस्ता शोधून सापडणार नाही. डिसेंबर-जानेवारीत जा. ऑक्टोबरच्या उन्हात जाऊ नका.

तयारी विचारली की लोक सांगतात, रोज पळा, स्टॅमिना वाढवा. ५० किलोमीटर एका दिवसात धडधाकट मुलगा किंवा मुलगी सहज मारते. टूर मोडते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, सीटवर टेकताच डोळ्यांत पाणी येतं तेव्हा, किंवा तिसऱ्या दिवशी गुडघा बोलायला लागतो तेव्हा. म्हणून तयारीचा सगळ्यात मोठा वाटा सीटला द्या. दोन महिने आधी सुरुवात करा.

सीटची उंची

बहुतेक मुलांची सीट खाली असते, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला लागले की सुरक्षित वाटतं. तुमचे दोन्ही तळवे सपाट टेकत असतील तर सीट खाली आहे, यात चर्चेला जागा नाही. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा असतो. ही सवय आधी रिकाम्या मैदानावर लावा, मग सीट वर करा.

माप असं घ्या. टूरला घालणार तेच बूट घाला. कुणाला तरी सायकल सरळ धरायला सांगा. एक पॅडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. कंबर एका बाजूला न झुकता गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे. आता टाचेऐवजी चवडा ठेवा, गुडघ्यात आपोआप थोडा बाक येईल. हीच उंची. मग चालवा आणि मित्राला मागून पाहायला सांगा. प्रत्येक पॅडलला कंबर डावी-उजवी हलत असेल तर ५ मिलिमीटर खाली घ्या.

सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, किमान किती भाग फ्रेमच्या आत हवा याची रेघ असते. ती बाहेर दिसता कामा नये. दिसत असेल तर लांब सीटपोस्ट बसवा, नाहीतर सायकल लहान झाली हे घरच्यांना सांगा. रेघेच्या वर ओढून चालवलं तर पोस्ट वाकतो किंवा फ्रेमची नळी चिरते, आणि तेही नेमकं खड्ड्यात आदळताना.

या वयात पाय भराभर लांब होतात. जूनमध्ये लावलेली उंची डिसेंबरला कमी पडते. टूरच्या दीड महिना आधी पुन्हा मापा, जुळली की पोस्टवर इलेक्ट्रिकल टेप गुंडाळून खूण करा. शेवटच्या आठवड्यात पान्याला हात लावू नका. नव्या उंचीला शरीर रुळायला वेळ लागतो.

सीटचा कोन आणि रुंदी

सीटवर पुढून मागे एक पुठ्ठ्याची वही ठेवा आणि त्यावर मोबाईलमधलं लेव्हल बघा. सपाट हवी. सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, वर असेल तर नाजूक भागावर दाब येतो. नाक खाली असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता, सगळं वजन मनगटांवर जातं आणि तासाभरात करंगळ्या बधिर होतात. मग मुलं हँडल बदलत बसतात. दोष हँडलचा नसतो.

दुखणं वाचायला शिका. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर सीट खाली असण्याची शक्यता जास्त, मागच्या बाजूला दुखलं तर वर. एका वेळी एकच बदल करायचा, ३ ते ५ मिलिमीटरचा, आणि त्यावर किमान दोन राइड मारायच्या. उंची, कोन, पुढे-मागे असं सगळं एकदम हलवलं तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही. सीट बदलूनही दुखणं गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवा, सहन करत राहू नका.

जेलचं मऊ कव्हर आणू नका. दुकानदार ते हमखास पुढे करतो. बसण्याची दोन हाडं त्यात रुततात, मधला मऊ भाग फुगून वर येतो आणि दाब नको तिथे पडतो. अर्ध्या तासाच्या बाजारफेरीला ते ठीक, चार तासांना नाही. रुंदी मापायची असेल तर कडक बाकावर खोक्याचा पन्हळी पुठ्ठा ठेवा, त्यावर बसा, पाय थोडे उचला. दोन खळगे पडतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर घ्या. सीटचा मागचा भाग त्यापेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर रुंद हवा. मुलींचं हे अंतर बरेचदा जास्त असतं, आणि सायकलबरोबर आलेली सीट त्यांना अरुंद पडते. सीट बदलून मिळते. सोसत बसायचं कारण नाही.

पॅडेड शॉर्ट्स दोन घ्या. आत चड्डी घालायची नाही. तिची शिवणच कातडी सोलते. रोज मुक्कामाला पोचल्यावर लगेच शॉर्ट्स बदला, आंघोळ करा, ती धुवा. किनाऱ्याच्या दमट हवेत कपडे रात्रीत वाळत नाहीत, म्हणून पिळल्यावर कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पायाने दाबा, मग वाळत घाला. ओली शॉर्ट्स घालून निघू नका. घासतं तिथे सकाळी पेट्रोलियम जेली लावा. चालवताना दर दहा-पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभं राहून रक्त खेळू द्या. दुखायला लागल्यावर उभं राहण्यात फारसा अर्थ नाही.

सलग दोन दिवसांची परीक्षा

आठवड्यात तीनदा २० किलोमीटर आणि रविवारी थोडं जास्त, इतका सराव पुरतो. पण टूरच्या तीन आठवडे आधी एक शनिवार-रविवार असा काढा की दोन्ही दिवस ४०-४० किलोमीटर, टूरचंच सामान लादून. रविवारची राइड टाळायची नाही, सगळी परीक्षा तीच आहे. ताज्या सीटवर सगळेच बसतात.

यात चढ हवा. नकाशावर किनाऱ्याचा रस्ता सपाट वाटतो, पण गावं समुद्राच्या पातळीवर आणि मधले सडे, म्हणजे दगडी पठारं, वर. रस्ता गावातून जांभ्याच्या सड्यावर चढतो आणि पुढच्या गावात उतरतो, दिवसातून कितीतरी वेळा. चढ छोटे, पण उभे. पुण्याच्या मुलांनी बोपदेव घाट सामानासकट चढून पाहावा.

गिअरसाठी एकच हिशेब. पुढच्या सगळ्यात लहान चक्राचे दात मोजा आणि मागच्या सगळ्यात मोठ्याचे. मागचे दात पुढच्याइतके किंवा जास्त हवेत, म्हणजे २८ला २८ चालेल, ३४ला २८ नाही. कमी असतील तर मेकॅनिककडून १४-३४ दातांचं फ्रीव्हील (मागच्या चक्रांचा संच) घालून घ्या; मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ते पेलतो का आणि चेन पुरते का, हे त्याच्याकडून आधी तपासून घ्या. बिनगिअरच्या सायकलवर सामान लादून हा रस्ता करू नका.

बाकीचं

सामान ६-७ किलो, सगळं कॅरिअरवर, दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, जड वस्तू तळाला. पाठीवर सॅक नको. रबरी हुकांची दोरी सुटून चाकात गुंतते, म्हणून बकलचा पट्टा वापरा.

पंक्चर प्रत्येकाला काढता आलं पाहिजे, मागचं चाक सोडवण्यासकट. घरी दोनदा करून पाहा. प्रत्येकाकडे आपल्या मापाच्या दोन ट्यूब हव्यात, कारण खेड्यात २९ इंची किंवा ७००सी चाकाची ट्यूब मिळेलच असं नाही. रस्त्यावर ट्यूब बदला, पंक्चर मुक्कामाला जोडा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवून काटा काढा. तो राहिला तर दहा मिनिटांत तुम्ही पुन्हा रस्त्याकडेला. बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर अ‍ॅडॅप्टर घ्या, नाहीतर गावातल्या पंपाचा उपयोग नाही.

ब्रेक पॅड नवे. उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका, दोन्ही एकत्र दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वळणांवर वाळू असते, वेग वळणाच्या आधीच कमी करा.

गटात चौघा-पाचांच्या तुकड्या करा आणि मधे इतकं अंतर ठेवा की एसटीला एकेक तुकडी ओलांडता येईल. एकामागे एक. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक कधीही नेऊ नका, त्याने किंचित वळवलं की पडणार तुम्ही, तो नाही. "खड्डा", "गाडी" हे शब्द शेवटपर्यंत ओरडून पोचवा. सगळ्यात शेवटी अनुभवी मोठा माणूस, आणि त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. वेग सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा.

आगरदांडा-दिघी आणि बागमांडला-वेश्वी इथे फेरीबोट आहे. जेटीचा उतार शेवाळाने निसरडा असतो, तिथे सायकल हातात धरून चाला.

पहाटे उजाडताच निघा, बारापर्यंत मोठा टप्पा संपवा. नुसत्या पोह्यांवर निघू नका, सोबत उकडलेली अंडी किंवा भाकरी-उसळ घ्या. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, घाम जास्त आला तर ओआरएस. खिशात चिक्की, केळी, गूळ-शेंगदाणे. भूक लागायच्या आधी खा.

पालकांची लेखी संमती आणि प्रत्येकाची अ‍ॅलर्जी, आजार, रक्तगट लीडरच्या वहीत. १०८ आणि ११२ पाठ हवेत. पाळी टूरमध्ये येणार असेल तर बाईलीडरला आधी सांगा. घासणार नाही अशा कपड्यांची आणि आडोशाच्या थांब्यांची सोय नीट करता येते. दम्याचा पंप सामानाच्या पिशवीत नको, हँडलच्या छोट्या पिशवीत ठेवा, आणि दुसरा लीडरकडे द्या.