न्यूमोनियाचा धोका असताना : फ्लू की कोविड, आणि घरी नेमके काय पाहावे

ज्या घरात पासष्टी ओलांडलेले कोणी आहे, किंवा दमा, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार), मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार असलेले कोणी आहे, त्या घरात साध्या खोकल्यानेही सगळ्यांचे कान टवकारले जातात. एकदा न्यूमोनिया होऊन गेला असेल तर विचारायलाच नको. मग "हा फ्लू आहे की कोविड?" असा प्रश्न निघतो आणि घरातील प्रत्येक जण लक्षणांवरून निदान करू लागतो. माझ्या मते हा वेळ निव्वळ वाया जातो. ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, थकवा आणि घसा धरणे ही सारी लक्षणे दोन्ही आजारांत दिसतात. फ्लू बहुधा अचानक गाठतो आणि सकाळी ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळी अंथरूण धरतो, तर कोविडची सुरुवात अनेकदा संथ असते, हे खरे आहे. वास आणि चव जाणे ही कोविडची ठळक खूण होती, पण विषाणूचा ओमिक्रॉन हा प्रकार आल्यापासून ती पुष्कळ कमी दिसते. अशा खुणांवर औषध ठरवता येत नाही. त्यासाठी चाचणीच करावी लागते, आणि तीही लवकर.

घाईचे कारण औषधांच्या मुदतीत आहे. फ्लूवरील ओसेल्टामिव्हिर लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास त्याचा सर्वाधिक उपयोग होतो, तर कोविडवरील निर्मात्रेलव्हिर-रिटोनाव्हिर पाच दिवसांच्या आत सुरू करावे लागते. त्यामुळे जोखमीच्या माणसाने "दोन दिवस बघू, उतरला नाही तर जाऊ" असे म्हणू नये, कारण त्या दोन दिवसांतच फ्लूच्या औषधाची योग्य वेळ निघून जाते. घरी केलेली कोविडची अँटिजेन चाचणी पहिल्या दिवशी निगेटिव्ह आली तरी ती ४८ तासांनी पुन्हा करावी. दरम्यान फ्लूसाठी डॉक्टरांना फोन करण्याचे मात्र थांबवू नये. निर्मात्रेलव्हिर-रिटोनाव्हिरचे कोलेस्टेरॉलच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांशी पटत नाही, म्हणून नेहमीच्या सर्व औषधांची यादी आधीच कागदावर लिहून ठेवावी.

खरी तयारी प्रकृती चांगली असतानाच करायची असते. अशा एखाद्या दिवशी ऑक्सिमीटरवरील (बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन दाखवणाऱ्या यंत्रावरील) आकडा आणि मिनिटाला होणारे श्वास मोजून त्याच कागदावर लिहावेत. फुप्फुसे निरोगी असतील तर रक्तातील ऑक्सिजन साधारण ९५ ते १०० टक्के असतो, परंतु सीओपीडीच्या काही रुग्णांचा नेहमीचा आकडाच याहून कमी असतो. त्यांनी कोणत्या आकड्यावर सावध व्हायचे ते डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे. मोजताना हात गरम असावा, नखाला रंग नसावा, पाच मिनिटे शांत बसलेले असावे आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. गडद त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवते, म्हणून एकट्या आकड्यापेक्षा तो रोज कसा घसरतो आहे याला अधिक महत्त्व द्यावे.

श्वास मोजण्याचे काम यंत्रापेक्षा सोपे दिसते, पण त्यात एक गंमत आहे. "आता तुमचा श्वास मोजतो" असे सांगितले की माणूस श्वास सांभाळून घेऊ लागतो आणि मोजमाप बिघडते. आमच्या घरी वडिलांचे मनगट धरून आई नाडी पाहत असल्याचा आव आणते आणि नजर त्यांच्या शालीवर ठेवते; शाल एकदा वर जाऊन खाली आली की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. प्रौढाचे श्वास विश्रांतीत साधारण १२ ते २० असतात. ते चोवीस-पंचविसांवर जाऊन तिथेच राहिले तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे, आणि तीस गाठले तर थेट रुग्णालय गाठावे. लहान मुलांचे निकष वेगळे आहेत: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, अकरा महिन्यांपर्यंत ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक श्वास हे धोक्याचे मानतात.

आजार सुरू झाल्यावर पहिल्या लक्षणाची तारीख लिहावी आणि तिथून दिवस मोजावेत, कारण दोन्ही आजारांची वाट इथे वेगळी होते. फ्लूचा ताप सहसा तीन ते पाच दिवसांत उतरतो. त्यातला सापळा असा की माणूस सावरतो, उठून बसतो, आणि मग ताप पुन्हा उसळतो, खोकल्यातून पिवळा-हिरवा कफ पडू लागतो. विषाणूने सोललेल्या श्वसनमार्गात जिवाणूंनी शिरकाव केल्याचे हे लक्षण असते. १९१८ च्या साथीतील बहुतांश मृत्यूंमागे असाच जिवाणूजन्य न्यूमोनिया होता. कोविडमध्ये प्रकृती बिघडायचीच असेल तर बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान बिघडते, आणि काही रुग्णांत ऑक्सिजन उतरला तरी दम लागल्याचे जाणवत नाही. त्या दिवसांत बरे वाटत असले तरी ऑक्सिमीटर दिवसातून तीन वेळा लावावा.

ज्यांचा नेहमीचा आकडा चांगला असतो, त्यांचा ९३-९४ वर आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, आणि ९२ किंवा त्याखाली गेला तर रुग्णालयात न्यावे. श्वास घेताना छातीत टोचणे, ओठ निळसर पडणे, एक वाक्य एका दमात पुरे न होणे, कफात रक्त दिसणे, यांसाठी तर आकड्याचीही वाट पाहू नये. वृद्धांमध्ये ताप येईलच असे नाही. अचानक गोंधळणे, तोल जाऊन पडणे किंवा जेवण टाकणे एवढेच त्यांचे लक्षण असू शकते.

उरलेली अँटिबायोटिक्स घरच्या घरी सुरू करू नयेत, विषाणूवर ती चालत नाहीत. स्टेरॉइडच्या गोळ्यांबाबत अधिकच सावध राहावे: २०२० च्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-अभ्यासात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजनची गरज असलेल्या कोविड रुग्णांना झाला, ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना झाला नाही. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

लसींपैकी फ्लूची दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो आणि जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीतील प्रकार नव्याने सुचवते. न्यूमोकोकल लस वेगळी असून ती न्यूमोनियाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या जिवाणूविरुद्ध असते. कोणती आणि कितीदा, हे वय आणि आजार पाहून डॉक्टर ठरवतात. धूम्रपान सोडणे, बसूनच जेवणे आणि रात्री दात घासणे या गोष्टी किरकोळ वाटतात, पण तोंडातील जिवाणू ठसक्यासरशी फुप्फुसात उतरतात, विशेषतः गिळण्यास त्रास असलेल्यांच्या.

न्यूमोनिया झालाच, तर ताप आठवड्यात गेला तरी खोकला सहा आठवडे रेंगाळू शकतो आणि थकवा तीन महिन्यांपर्यंत. क्ष-किरणातील डागही सावकाश पुसला जातो. पन्नाशी उलटलेल्यांनी आणि धूम्रपान करणाऱ्यांनी साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा छातीचा एक्स-रे काढावा, कारण त्या डागाआड गाठ लपलेली नाही याची खात्री तेव्हाच होते.