घड्याळ बांधलं की लगेच पळू नका

जीपीएस घड्याळ (उपग्रहांवरून जागा ओळखणारं) बांधून सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं पळून घरी आलात आणि नकाशात तुमची रेघ थेट पाण्यातून गेलेली दिसली, तर घड्याळाला शिव्या देण्याआधी सेटिंग बघा. बरीच घड्याळं बॅटरी वाचवायला काही सेकंदांनी एकदाच जागा नोंदवतात आणि मधले बिंदू सरळ रेषेनं जोडतात. वळणं कापली जातात, अंतर कमी भरतं. ‘दर सेकंदाला नोंद’ हा पर्याय निवडा. बॅटरी लवकर उतरेल, पण तासाभराच्या पळण्याला पुरते.

दुसरं, दारातून निघताना बटण दाबू नका. जागा नक्की करायला किमान 4 उपग्रह दिसावे लागतात. मोकळ्या आभाळाखाली मिनिटभर थांबा, तेवढ्यात पोटऱ्या ताणून घ्या. नवी पेठेतल्या गल्लीत इमारतींवर आपटून सिग्नल येतो, तिथं रेघ वाकडीच येणार.

फोनवर नोंद करत असाल तर त्या ॲपपुरती बॅटरी-बचत बंद ठेवा. नाहीतर स्क्रीन विझली की नोंदही थांबू शकते. आणि मार्ग सगळ्यांना दाखवणार असाल, तर घराजवळचा भाग लपवा. रोज पहाटे साडेपाचला घर कुलूपबंद असतं, हे गावाला कशाला सांगायचं?